भाकरीचं गिऱ्हाईक

वऱ्हाडी जेवणाबद्दल हळहळणं ही आता एक स्वतंत्र करमणूक झाली आहे. हळहळीचा मजकूर ठरलेला असतो. अंबाडीची भाजी, कळण्याची भाकर, तुरीच्या सोल्यांची आमटी, रोडगे असं सगळं वैभव असताना वाशीमच्या किंवा अकोल्याच्या हॉटेलात शिरावं तर मेनूकार्डावर पनीर मसाला, शेवभाजी आणि मंचुरियन. आपल्याच लोकांना आपल्या अन्नाची किंमत नाही, आणि तिकडे स्पेनमधल्या कॅटलन लोकांनी बघा, तापासच्या चिमुकल्या बशा जगभर नेल्या! उपायही ठरलेला: अभिमान बाळगा, थाळीला झोकदार नाव द्या, मातीच्या भांड्यात वाढा. या साऱ्यात धरून चाललेलं असतं की अन्न टिकतं ते अभिमानाने आणि हॉटेलात मिळतं ते लोकांच्या आवडीने. दोन्ही समजुती कच्च्या आहेत. माझं म्हणणं असं की एखाद्या मुलखाचं जेवण घराबाहेर विकत मिळायचं तर दोन गोष्टी लागतात: रोज दुपारी बाहेर जेवणं भाग असलेलं साधं गिऱ्हाईक, आणि ते जेवण रांधणाऱ्या हाताला परवडेल अशी मजुरी. कॅटलोनियात या दोन्ही गोष्टी जुळून आल्या. वऱ्हाडात एकही नीट जुळली नाही. अभिमान दोन्हीकडे भरपूर होता, आणि त्याने फारसा फरक पडला नाही.

तापास नेमकं कोणाचं

आधी ज्या उदाहरणाचे दाखले दिले जातात तेच तपासू. तापास ही मुळात कॅटलन रीत नव्हेच. दारूच्या पेल्याबरोबर ऑलिव्ह, सुकवलेल्या मांसाची चकती, तळलेला मासा असं तोंडी लावणं द्यायचं आणि उभ्या उभ्या गप्पा मारत खायचं, ही चाल स्पेनच्या दक्षिणेकडची, आंदालुसियाची. १९५० आणि ६०च्या दशकांत आंदालुसिया, मुर्सिया, एक्स्त्रेमादुरा अशा गरीब भागांतून लाखो माणसं बार्सिलोनाच्या कारखान्यांत कामाला आली. त्यांच्या वस्त्यांबरोबर त्यांचे बारही आले. पुढे १९९२च्या ऑलिम्पिकनंतर बार्सिलोनात पर्यटकांचा पूर लोटला आणि 'स्पेन म्हणजे तापास' हे समीकरण मनात धरून आलेल्या पाहुण्याला शहराने तेच वाढलं. कॅटलन माणूस ज्याला आपलं जेवण म्हणतो ते वेगळं आहे: हिवाळ्यातलं एस्कुदेया, म्हणजे मांस, भाज्या आणि कडधान्यं एकाच हंड्यात तासन्‌तास उकळलेलं कालवण, बुतिफार्रा नावाचं सॉसेज आणि त्याबरोबर पांढरे घेवडे, निखाऱ्यावर भाजून सोललेली वांगी आणि मिरच्या, आणि पावावर पिकला टोमॅटो चोळून वरून ऑलिव्हचं तेल सोडलेलं 'पा अम्ब तुमाकेत'. यातला शेवटचा पदार्थ तर आज त्यांच्या अस्मितेचं निशाण आहे. 'सेंत सोवी' हे कॅटलन पाकपुस्तक १४व्या शतकातलं, युरोपातल्या जुन्यात जुन्या पाकपुस्तकांपैकी एक. त्यात टोमॅटो सापडणार नाही, कारण तो अमेरिकेतून अजून यायचाच होता.

आपल्याकडचा हिशेब याहून निराळा नाही. ज्या ठेच्यावाचून वऱ्हाडी ताट उठत नाही त्यातली मिरची पोर्तुगिजांच्या जहाजातून आलेली. वऱ्हाडातला सगळ्यांत नावाजलेला विकतचा पदार्थ म्हणजे शेगावची कचोरी, आणि ती फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कुटुंबाने रेल्वे स्थानकावर विकायला सुरुवात केली. विदर्भाबाहेर ज्याला सरसकट वैदर्भीय जेवण म्हणतात ते सावजी मटण नागपूरच्या हलबा कोष्ट्यांचं, विणकरांच्या वस्तीतलं. म्हणजे बाहेर पोचलेले पदार्थ बघितले तर ते सर्वांत जुने नाहीत, सर्वांचे तर नाहीतच. ते पोचले, कारण कोणाला तरी ते विकून पोट भरायचं होतं आणि समोर घेणारा रोज उभा होता. रेल्वे स्थानकावर गाड्या थांबत होत्या, विणकरांच्या पेठांत हातावर पोट असलेली माणसं होती. परंपरा जुनी आहे म्हणून ती बाजारात टिकते हे कुठेच दिसत नाही.

दुपारचं ताट

मग कॅटलन घरगुती जेवण हॉटेलांत टिकलं कशाने? पर्यटकांच्या तापासने नाही. ते टिकलं दुपारच्या ठरीव ताटाने. १९६०च्या दशकाच्या मध्यावर, फ्रँकोच्या हुकूमशाहीत, स्पेनच्या पर्यटन खात्याने उपाहारगृहांना बंधन घातलं: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, शेवटी गोड, पाव आणि पेलाभर वाइन एवढं एका बांधीव किमतीत दिलंच पाहिजे. हेतू परदेशी पाहुण्यांची सोय हा होता. फायदा झाला तो कारकून, गवंडी, दुकानातला नोकर, ट्रकचालक यांचा. मालकाला रोज त्याच गिऱ्हाइकाला नवं काही द्यायचं असे आणि किंमत वाढवता येत नसे. म्हणून तो हंगामातल्या स्वस्त भाज्या, मसूर, घेवडे, घरी आई करते तसलं कालवण यांकडेच वळे. महागडं काही परवडणारच नव्हतं. म्हणजे हुकूमशाहीतल्या एका किंमत-नियंत्रणाने घरगुती अन्नाला हॉटेलात जागा मिळवून दिली. अभिमानवाद्यांना ही हकिगत रुचणार नाही, पण घडलं ते असं. त्याच धर्तीची आणखी जुनी चाल म्हणजे सकाळची 'काट्याने खायची न्याहारी': बाजारात पहाटेपासून राबणारे हमाल, शेतावरचे गडी नऊ-दहाच्या सुमारास डोकं-पायाचं कालवण, आतडी, घेवडे असं भरभक्कम खात. गरिबाच्या मांसाचे हे पदार्थ खानावळींत राहिले, कारण ते खाणारा श्रमिक खानावळीत येत राहिला.

उलट बाजूही तिथेच दिसते. बार्सिलोनातला बोकेरिया बाजार एके काळी आसपासच्या घरांचा आणि खानावळींचा भाजी-मासळी बाजार होता. पर्यटक वाढले तशी तिथे फळांच्या रसाचे पेले आणि चालता चालता खायच्या कागदी कोनांची रांग लागली. शेवटी पालिकेला पर्यटकांच्या मोठ्या जथ्यांवर निर्बंध घालावे लागले. २०२४च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाचे रहिवासी रस्त्यावर उतरून पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारत होते, तो राग घरभाड्याचा होता तितकाच आपल्या गल्लीत आपल्याला जागा न उरल्याचाही होता. रोजचं गिऱ्हाईक उठलं आणि पाहुणा बसला की पदार्थाचं नाव फलकावर राहतं, जेवण मात्र जातं.

मराठी मुलखात याचा सर्वांत चांगला पुरावा गिरणगावात आहे. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार वर्षानुवर्षं खानावळीत जेवले. या खानावळी बायका चालवत, आपल्या खोलीत, पंचवीस-तीस माणसांना महिन्याच्या बोलीवर. कोकण्याला भात-कालवण आणि घाटावरच्याला भाकरी मिळे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. त्या वेळी कोणी 'अस्सल मालवणी' अशी पाटी लावत नव्हतं. १९८२चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, गिऱ्हाईक गावी परतलं आणि ते जेवणही आटलं. पुढे त्याच शहरात मालवणी पाट्यांची वातानुकूलित हॉटेलं निघाली, पण त्यांचं गिऱ्हाईक वेगळं आणि त्यांचा दरही वेगळा.

वऱ्हाडात बाहेर जेवत होते, विकत घेत नव्हते

वऱ्हाडात असं रोजचं गिऱ्हाईक तयार झालं नाही. इथला शेतमजूर दुपारची भाकर फडक्यात बांधून शेतावर नेत आला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले तरी त्यांचं काम कापसाच्या हंगामापुरतं होतं आणि कामावर येणारा माणूस बहुधा आसपासच्या गावचाच, भाकर घेऊन येणारा. वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यातलं आसेगाव घ्या किंवा रिसोड तालुक्यातलं आसेगाव पेन, अशा गावात 'हॉटेल' म्हणजे काय असतं ते सांगायला नको. पुढे काळी पडलेली कढई, मागे दोन बाकडी. चहा, पोहे, आलूबोंडा, मिरचीचे भजे, बाजाराच्या दिवशी जिलेबी. कागदाच्या तुकड्यावर चार भजे, तळलेली मिरची, आणि अर्धा कप चहावर तासभर सोयाबीनच्या भावाची चर्चा. तापासशी तुलना करायचीच असेल तर ती इथे करावी. थोडं खाणं, पुष्कळ बोलणं, उभ्याने किंवा अर्धवट टेकून. या अर्थाने वऱ्हाडाकडे स्वतःचं तापास केव्हाचं आहे. नाही ते दुपारचं ताट.

ताट होतं, पण त्याला दर नव्हता. घराबाहेरचं वऱ्हाडी जेवण म्हणजे रोडग्यांचा कार्यक्रम. मारुतीच्या पारापाशी किंवा शेतात गोवऱ्यांची रास पेटवायची, जाडसर कणकेचे थर देऊन वळलेले गोळे त्या आरात पुरायचे, राख झटकून फोडायचे आणि पत्रावळीवर वांग्याच्या झणझणीत भाजीत, तुपाळ वरणात कुस्करायचे. नवस फेडणाऱ्याने गाव जेवू घालायचं. हिवाळ्यात हुरडा: आगटीत भाजलेली कणसं तळहातावर चोळून गरम दाणे तोंडात टाकायचे, सोबत शेंगदाण्याची चटणी. कॅटलोनियातल्या वाल्स गावाभोवती जानेवारी ते मार्चमध्ये अगदी याच्या जोडीचा प्रकार चालतो. कालसोत नावाचे कोवळे लांब कांदे द्राक्षवेलींच्या काटक्यांवर काळेठिक्कर भाजायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून मऊ होऊ द्यायचे, कौलावर मांडायचे, मग जळकं साल ओढून, बदाम-मिरचीच्या चटणीत बुडवून, मान वर करून गिळायचे. दोन्हीकडे हंगाम, निखारा, हात काळे, आणि शेताच्या धन्याचं आमंत्रण. फरक नंतरचा आहे. वाल्सच्या कांद्याला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं, हिवाळ्यातल्या रविवारी बार्सिलोनाहून कुटुंबंच्या कुटुंबं मोटारी काढून तिथल्या खानावळींत जाऊ लागली. आमंत्रणाचा पदार्थ तिकिटाचा झाला, आणि ते गिऱ्हाईक मोटारीने साधारण तासाभराच्या अंतरावर होतं. वऱ्हाडाच्या जवळ बार्सिलोना नाही. पुण्याभोवती हुरडा पार्ट्या चालतात त्या याच कारणाने. त्यात पुणेकरांना परंपरेचं प्रेम अधिक आहे असं समजण्याचं कारण नाही.

भाकरी आणि तंदूर यांचा हिशेब

आता दुसरी अट, मजुरी. हॉटेलवाला भाकरी का ठेवत नाही, याचं उत्तर त्याच्या मनात शोधण्यापेक्षा परातीत शोधावं. ज्वारीच्या पिठाला गव्हाचा चिवटपणा नसतो. ते सकाळी मळून झाकून ठेवता येत नाही. गरम पाण्यात एकेका भाकरीपुरतं पीठ घ्यायचं, तळहाताच्या बुडाने रगडायचं, लगेच थापायचं. कड फाटली की पुन्हा गोळा. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलथणं, मग निखाऱ्याला लावून फुगवणं. या सगळ्यात हात सुटत नाही आणि एका तव्यावर एका वेळी एकच भाकरी होते. थंड झाली की कडक, म्हणून आधी करून ठेवण्यातही अर्थ नाही. तंदूरवाल्याने परातभर मैदा सकाळी भिजवला की तो रात्रीपर्यंत चालतो, भट्टीच्या भिंतीला एका दमात सात-आठ रोट्या चिकटतात. भाज्यांचंही तेच. कांदा-टोमॅटोची एक आणि काजूची एक अशा दोन ग्रेव्ह्या तयार असल्या की त्यातून चाळीस नावांचे पदार्थ निघतात आणि उरलेलं उद्याला जातं. अंबाडीची पानं मात्र खुडायची, उकडायची, आंबट पाणी पिळून टाकायचं, ज्वारीच्या कण्या आणि तुरीच्या डाळीबरोबर शिजवून घोटायची, वर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. एवढं करून ताटात दिसतो हिरवट गोळा, ज्याला गिऱ्हाईक पनीरच्या निम्मा दर द्यायलाही कुरकुरतं, कारण 'ही तर घरची भाजी'.

घरची म्हणजे फुकटची, हा त्या कुरकुरीतला दडलेला अर्थ. वऱ्हाडी जेवण पिढ्यान्‌पिढ्या स्वस्त वाटलं ते ज्वारी स्वस्त होती म्हणून तेवढं नाही. थापणाऱ्या बाईचा हात हिशेबात धरलेलाच नव्हता म्हणून. ज्या क्षणी तो हात बाजारात येतो आणि त्याला मजुरी द्यावी लागते, त्या क्षणी भाकरी ही नानपेक्षा महाग वस्तू होते. मजुरी प्रामाणिकपणे धरणारा खानावळवाला दर वाढवतो आणि गिऱ्हाईक गमावतो, न धरणारा आपल्याच घरच्या बायकांना राबवतो. 'चुलीवरची भाकरी' म्हणून दर्शनी भागात धुरात बसवलेली बाई हा या गोष्टीचा सर्वांत उघडा नमुना. २०१६ साली सरकारने उज्ज्वला योजना काढली ती बाईच्या छातीतला चुलीचा धूर कमी व्हावा म्हणून. घरातून बाहेर काढलेली ती चूल हॉटेलाच्या दारात शोभेला आली, आणि तिच्यापुढे बसायला पुन्हा बाईच लागली.

या हळहळीत आणखी एक गंमत आहे. हळहळणारा माणूस बहुधा तो असतो ज्याने भाकरी कधी थापलेली नाही. जिने रोज थापली तिला हॉटेलात पनीर हवं असतं, आणि त्यात तिची काही चूक नाही. एक दिवस कोणीतरी केलेलं, स्वतःला न येणारं, ताटात आयतं यावं ही तिची सुट्टी आहे. तिला अस्मितेच्या नावाखाली पुन्हा भाकरीपुढे बसवणं निर्दयपणाचं आहे.

कोणाच्या घरची थाळी

'घरगुती' या पाटीत आणखी एक प्रश्न लपलेला असतो. भारतीय राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अटकाव करता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. उपाहारगृहाचा उल्लेख घटनेत करावा लागला, कारण चहाच्या दुकानातही दलितांची कपबशी वेगळी ठेवण्याचा रिवाज होता. या पार्श्वभूमीवर पंजाबी ढाब्याच्या बेचव एकसारखेपणाचा एक गुण मान्य केला पाहिजे: ती कोणाच्याच घरची थाळी नाही, म्हणून तिथे कोणीही बसू शकतो. उलट 'अस्सल वऱ्हाडी थाळी' रचायला बसलं की तीत बहुतेकदा खात्यापित्या शेतकरी घरातलं शाकाहारी जेवण येतं. वाशीम जिल्ह्यातच मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचं सर्वांत मोठं श्रद्धास्थान आहे, पण बकऱ्याच्या रक्ताची बंजारा सळोई कोणत्या वऱ्हाडी थाळीत दिसते? शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलितांचं जेवण नोंदवलं तेव्हा कुठे मराठी वाचकांना कळलं की आपल्या पाकपुस्तकांत अर्धा समाज गैरहजर आहे. वर सांगितलेली कॅटलन श्रमिकांची न्याहारी, डोकं-पाय-आतडी, तिकडच्या नामांकित खानावळींत मानाने मिळते. आपल्याकडे वजडी-मुंडी सावजीत मिळते, पण 'पारंपरिक' या पाटीखाली तिला अजून जागा नाही.

स्त्रियांचंही असंच. बार्सिलोनाच्या गल्लीतल्या बारमध्ये आजीपासून नातवापर्यंत सगळे बसतात. वऱ्हाडातल्या रस्त्यावरच्या ढाब्याला 'फॅमिलीसाठी वेगळी सोय' अशी पाटी लावावी लागते, आणि त्या पाटीनेच कळतं की उरलेली जागा कोणाची आहे. दारूबरोबरचं तोंडी लावणं आपल्याकडेही आहे, त्याला चकणा म्हणतात, आणि तो पुरुषांच्या अंधाऱ्या खोलीतून कधी बाहेर आला नाही. ज्या जागी अर्धी माणसं येऊच शकत नाहीत तिथे त्या मुलखाचं जेवण रुजावं ही अपेक्षाच चुकीची.

शेतातली ज्वारी

आणि समजा गिऱ्हाईकही मिळालं, मजुरीही मिळाली, तरी पीठ कुठलं? वाशीम जिल्ह्याचा खरीप आज मुख्यतः सोयाबीनचा आहे. खरीप ज्वारी मागे पडली त्याची कारणं भावनिक नाहीत. कणसं भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो आणि भाव कोसळतो. रानडुकरं आणि रोही उभं पीक लोळवतात. कापणी, खुडणी, मळणीला माणसं लागतात. त्यातच ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, आणि कडब्याची गरज घटली. ज्वारीचं अर्धं उत्पन्न कडब्याचं होतं, हे विसरून तिच्या ऱ्हासाचं कोडं सुटत नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यावर घरातूनही तिची मागणी उतरली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून गाजलं. त्याच हंगामात संकरित ज्वारीचा जाहीर हमीभाव क्विंटलला ३१८० रुपये होता, सोयाबीनचा ४६००. दोन्ही पिकांचा खर्च आणि उतारा वेगळा, हे खरं. तरी भाषणं कोणत्या बाजूला होती आणि पेरा कोणत्या बाजूला गेला हे वाशीमच्या शिवारात दिसतं. सोयाबीन घरात शिजत नाही. शेतातून जे उगवतं त्याचा आणि ताटाचा संबंध तुटला की 'स्थानिक जेवण' ही खरेदी करून आणायची वस्तू होते.

तीन आक्षेप

सर्वांत जोरकस आक्षेप असा: बाहेर जाऊन घरचंच का खावं? हॉटेल असतंच मुळी वेगळं खाण्यासाठी. हा आक्षेप निम्मा खरा आहे. बाहेरचं जेवण दोन तऱ्हांचं असतं, हौसेचं आणि गरजेचं. वाढदिवसाला, पगार झाल्यावर, पोरांच्या हट्टाने जे खाल्लं जातं ते हौसेचं. तिथे मंचुरियन असो की पिझ्झा, कोणी नाक मुरडू नये. पण वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात आठ दिवस उशाशी बसलेला नातेवाईक, भाड्याच्या खोलीत राहून पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा, कारंजा-मंगरूळपीरच्या बाजार समितीत माल घेऊन रात्रभर थांबलेला शेतकरी, तहसिलीत तिसऱ्यांदा खेटा घालणारा म्हातारा, यांची गरज हौसेची नाही. त्यांना पोटाला सोसवेल असं, रोज खाता येईल असं, दर ठाऊक असलेलं ताट हवं असतं, आणि मिळते ती तेलाची तर्री किंवा आलूबोंडा. कॅटलन ठरीव ताट या दुसऱ्या माणसासाठी होतं. आपली सगळी चर्चा पहिल्या माणसाभोवती फिरते.

दुसरा आक्षेप पर्यटनाचा. महाराष्ट्राने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणलं, लोणार जवळ आहे, शेगावला भाविकांची रीघ असते. त्यांना वऱ्हाडी जेवण द्या, पैसा येईल. येईल, आणि ज्या शेतकऱ्याला येईल त्याने तो जरूर घ्यावा. फक्त त्यातून हंगामातले चार रविवार भरतील. बोकेरिया बाजाराचं जे झालं ते बघता, पाहुण्यावर उभं राहिलेलं जेवण गावकऱ्याच्या ताटापर्यंत उतरत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

तिसरा आक्षेप सरकारी योजनांचा, आणि तो अनुभवातून आला आहे. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. गाजावाजा मोठा, शेवट ठाऊक आहे: पुष्कळ केंद्रांवर वडापाव आणि इतर पदार्थ विकले जाऊ लागले, जागेचे वाद झाले, योजना गुंडाळली गेली. यावरून 'सरकारने अन्नात पडू नये' असा निष्कर्ष काढतात. मला त्यातून दुसरंच दिसतं. रुपयात भाकरी द्यायची म्हणजे थापणाऱ्या हाताची किंमत जवळजवळ शून्य धरायची. चालवणारा झुणक्याकडून वड्याकडे वळला तो बेइमानीने वळला असेल, तसाच हिशेबानेही वळला असेल. २०२०च्या २६ जानेवारीला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीने ही चूक बरीच सुधारली. गिऱ्हाइकाकडून दहा रुपये, आणि केंद्राला थाळीची किंमत शहरात पन्नास व ग्रामीण भागात पस्तीस रुपये धरून वरचा फरक अनुदानातून. म्हणजे रांधणाऱ्याचा खर्च कागदावर तरी मान्य झाला. पण थाळीत ठरलं काय? तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत एकच. ज्या जिल्ह्यात भाकरी हे अन्नाचं दुसरं नाव होतं तिथेही चपाती, कारण ग्रॅममध्ये मोजायला आणि ढिगाने लाटायला तीच सोपी.

केरळात कुटुंबश्री या बचत गटांच्या जाळ्यातल्या बायकांनी २०२० पासून जनकीय हॉटेलं चालवली, तिथे वीस रुपयांत मिळालं ते त्या मातीतलं भाताचं जेवण, आणि रांधणाऱ्या बायका स्वतः चालक होत्या. वाशीममध्ये बचत गट आहेत, बाजार समितीची आवारं आहेत, जिल्हा रुग्णालयाच्या फाटकाबाहेर रोज दुपारी भुकेली माणसं उभी असतात. चपातीच्या जागी ज्वारीची भाकर चालेल एवढी मुभा, भाकरीमागे जादा मजुरीचा वेगळा आकडा अनुदानात, आणि ज्वारी जिल्ह्यातल्याच शेतकऱ्याकडून हमीभावाने घेण्याची अट, एवढ्या तीन ओळी शिवभोजनाच्या शासन निर्णयात घातल्या तर काय होतं ते निदान एका तालुक्यात करून बघण्यासारखं आहे. पहिली अडचण मला आत्ताच दिसते: दुपारी बारा ते दोन या वेळात दीडशे माणसांना गरम भाकरी द्यायची तर किमान सहा-सात तवे आणि तितकेच हात एकाच वेळी लागतील, आणि पस्तीस रुपयांत ते बसत नाही. आकडा तिथूनच धरायला हवा.